दहा किलोमीटर सायकल आणि सत्तर वॅट: अंगातली ताकद जाते कुठे?

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सहा हजार मूळ किमतीच्या सायकलमागे 420 रुपये वाचले. त्याच वर्षीच्या जानेवारीत एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं होतं आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे जाऊन तिथंच ठाण मांडून बसलं आहे. त्यामुळे आमच्याकडे विदर्भात फाट्यावरच्या चहाटपरीवर एक विषय पुन्हा निघाला आहे: कामावर सायकलने जावं का? त्यावर ठरलेलं उत्तरही लगेच येतं. "काढली होती बावा. दोन दिवसांत गुडघे गेले."

आधी हिशेब पाहू. गाव ते काम दहा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस. मोटरसायकल लिटरला पन्नास देते असं धरलं, तर रोजचे चाळीस-बेचाळीस रुपये जातात, महिन्याला हजाराच्या आसपास. रोजगार हमीची 2025-26 ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे तेवढ्या कमाईच्या माणसाच्या दर शंभरातले तेरा रुपये नुसते रस्त्यावर जळतात. ऑइल, टायर, विमा वेगळा. एवढा पैसा वाचत असूनही माणसं सायकल सोडतात, त्याअर्थी त्रास खरा आहे. पण त्याचं कारण बहुतेक वेळा पायात नसून सायकलीत असतं. ते समजायला थोडं विज्ञान लागतं, फार नाही.

अंगात इंजिन केवढं?

ताकद मोजायचं एकक वॅट. छताचा साधा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅटचा असतो. साधा निरोगी माणूस, कसलाही सराव नसलेला, तासभर दम न लागता पायडलवर साधारण तेवढंच काम देऊ शकतो. 100-110 सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन सहा हजार वॅटच्या आसपास देतं. मोटरसायकलची हवा कमी असो, ब्रेक घासत असो, वारा समोरून असो, चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण सहा हजारांतले शे-दोनशे कुठं गेले ते कळतच नाही. सायकलवर जवळ आहेतच सत्तर. त्यातले वीस गेले की मांड्यांना लगेच कळतं.

याच सत्तर वॅटमध्ये सपाट डांबरी रस्त्यावर साधी सायकल ताशी पंधरा किलोमीटरने जाते. तेवढ्याच मेहनतीत पायी चाललात तर ताशी पाच. दहा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात. मोटरसायकलला गावाकडच्या रस्त्याने वीस तरी लागतातच, म्हणजे फरक वीस मिनिटांचा.

हे सत्तर वॅट जातात कुठे? माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरलं, तर ढोबळ हिशेब असा: चाळीस वॅट टायर खातात, पंचवीस हवा कापण्यात जातात, उरलेले पाच चेन आणि छर्ऱ्यांत मुरतात. आकडे रस्त्यागणिक, माणसागणिक थोडे हलतील, पण सर्वांत मोठा खाऊ टायर आहे हे हलणार नाही. डबा, पाण्याची बाटली, विळा यांच्या वजनाने सपाटीवर जवळपास काही बिघडत नाही. लोक मात्र वजनालाच भितात आणि टायरकडे बघत नाहीत.

टायर आणि आपल्याकडचे काटे

टायर जमिनीला टेकतो तिथं चपटा होतो आणि पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. प्रत्येक फेरीत रबर असं दबतं-सुटतं, आणि दर वेळी थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. किती चपटा होणार हे हवेवर ठरतं. मागच्या चाकावर साठ किलो वजन आहे आणि आतली हवा दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोने ढकलते आहे, तर वीस चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला चिकटणार. हवा निम्मी झाली की चिकटलेला भाग दुप्पट. मग टायरचे चाळीस वॅट सहज साठावर जातात आणि सत्तरवाल्या माणसाच्या हातात उरतं काय? वाऱ्याच्या दिवशी तर काहीच नाही.

साध्या सायकलच्या वालट्यूबमधून हवा हळूहळू जातेच. त्यातली रबरी नळी उन्हाने कडक होते, चिरते. रुपया-दोन रुपयांची ही नळी वर्षानुवर्षं न बदलता रोज सायकल जड चालवणारी माणसं पाहिली की हात जोडावेसे वाटतात. आठवड्याला एकदा पंपाने हवा मारावी. अंगठ्याने जोर लावून दाबलं तर टायर जेमतेम दबला पाहिजे. सहज आत गेला तर कमी आहे.

"हवा टाईट भरली की पंक्चर जास्त होते," असं पुष्कळ जण सांगतात. उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त पसरतो, जास्त काटे गोळा करतो आणि खड्ड्यात रिमला धडकून ट्यूबला दोन चिरा पाडतो. आपल्याकडचे काटे दोन जातींचे. बाभळीचा लांब, सरळ; शेताच्या कुंपणाच्या फांद्या पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यावर, पडल्या की हमखास. दुसरा सराटा, म्हणजे गोखरू. तो लहान, पण कोणत्याही बाजूने पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो.

पंक्चरचा खरा वैताग दुसऱ्या दिवशी असतो. दुकानदार ट्यूब काढतो, घमेल्यातल्या पाण्यात फिरवतो, बुडबुडा दिसला की घासून, सोल्यूशन लावून तुकडा चिकटवतो आणि ट्यूब परत आत. पण काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलेलं असतं, राईच्या दाण्याएवढं. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. बोटाने ते लागत नाही, लागलं तर बोटातच घुसतं. त्याला उपाय कापूस. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवायचा. टोक असेल तिथं तंतू अडकतात. मग चिमट्याने किंवा नखाने बाहेर काढायचं. आपल्याकडे कापूस तरी विकत आणावा लागत नाही! टायरला मोठी चीर असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, टाकून घ्यावा.

हवेनंतर चाक बघावं. सायकल उभी करून मागचं चाक उचला आणि हाताने फिरवा. चाक चार-पाच फेऱ्यांत थांबलं तर ब्रेकचा गट्टू रिमला घासतो आहे किंवा चाक आऊट, म्हणजे वाकडं, आहे. चाकाचा आऊट काढणं दहा-पंधरा मिनिटांचं काम. चेन गंजून तांबडी झाली असेल तर फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब. ओतू नये, नाहीतर सगळी धूळ तिथंच बसते.

गुडघे का दुखतात?

कारण सीट खाली असते. गावात शंभरातल्या नव्वद सायकलींची सीट अशी असते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, "वर केली त पाय टेकत नाही ना भाऊ मग." बरोबर आहे, टेकत नाही. टेकायलाही नको. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं.

सीट खाली असली की पायडल वर आल्यावर गुडघा घट्ट दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. मांडीच्या स्नायूंना पूर्ण लांब व्हायला जागाच मिळत नाही. खुर्चीतून न उठता, अर्धवट बसल्या बसल्या तासभर उठबशा काढल्या तर काय होईल, तेच. मोजमाप सोपं: सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाच काढून चवडा ठेवा, गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. पान्याने एक नट ढिला करायचा, एवढंच काम आहे. सवय नसेल त्याने रोज एक बोट असं चढवत जावं. लहानपणी दांड्याखालून पाय घालून कैची सायकल चालवलेल्या माणसाला पाय न टेकण्याचं भय वाटू नये खरं तर.

गिअर नसलेल्या सायकलचाही गिअर असतो

साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चेनव्हीलला साधारण 44 किंवा 48 दाते असतात आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, 18. मोजून पाहा. 44 आणि 18 असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच फेऱ्या फिरतं आणि सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी पंधराच्या वेगाला मिनिटाला 46 फेऱ्या. हे जरा हळू आणि जड आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा: सगळं गाठोडं एकदम डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत जाणं बरं, की दोन खेपा करणं? कापूस तेवढाच पोचतो, पण मान दोन खेपांत शाबूत राहते. पायडलचंही तसंच. फ्रीव्हील 18 च्या जागी 20 किंवा 22 दात्यांचं बसवलं की दर फेरीला जोर कमी लागतो, फेऱ्या थोड्या वाढतात, गुडघा वाचतो. ही अदलाबदल कुठल्याही सायकल दुकानात होते, चेनला एखादी कडी वाढवावी लागते. एकवीस गिअरची रंगीत सायकल घेऊन त्यातले दोनच वापरण्यापेक्षा हे स्वस्त आणि टिकाऊ. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या चढ-उताराच्या भागात राहणाऱ्याने मात्र गिअरची घ्यावी, तिथं एक फ्रीव्हील पुरणार नाही.

पूर्णा नदीच्या काठच्या सपाटीवरही रस्ता काही ठिकाणी "उगाच" जड लागतो. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसत नाही, पण ताशी पंधराला तो आणखी पस्तीस-चाळीस वॅट मागतो. अशा ठिकाणी वेग आपणहून कमी करावा. रस्त्याशी भांडण्यात अर्थ नाही.

"वारा समोरून असला की सायकल ढकलावीच लागते"

ढकलावी लागत नाही, पण वेळ जातो हे खरं. हवेची एक खोड आहे: तिच्या तुलनेतला वेग दुप्पट झाला की तिचा रेटा चौपट होतो. तुम्ही पंधराने निघालात आणि समोरून पंधराचा वारा आहे, म्हणजे छातीवर तिसाचा वारा. तोच पंधराचा वेग धरायचा तर सत्तरऐवजी एकशे चाळीस वॅट लागतील. सराव नसलेल्या माणसाला ते चाळीस मिनिटं झेपत नाही. ताशी दहावर उतरलात तर पुन्हा सत्तर-पंच्याहत्तरात भागतं. चाळीस मिनिटांचा रस्ता तासाचा होतो, पण माणूस धडधाकट पोचतो. थकतात ते वाऱ्याच्या दिवशीही घड्याळ पाळणारे.

उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा असतो आणि सकाळी तो जवळपास पडलेला असतो, कारण जमीन तापल्यावरच खालची-वरची हवा घुसळायला लागते. ज्याचं काम गावाच्या पश्चिमेला आहे त्याला जाताना शांत हवा आणि येताना पाठीत वारा. पूर्वेला काम असणाऱ्याचं नशीब उलटं. त्याने संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत थांबून निघालेलं बरं.

"आणि नवतप्यात?"

इथं मी सायकलचा वकील होणार नाही. पारा 45 च्या वर असताना भर दुपारी दहा किलोमीटर सायकल चालवू नये. पण का, ते समजून घेतलं तर उरलेले महिने विनाकारण घाबरायला होत नाही.

स्नायू जेवढं इंधन जाळतात त्याचा चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पायडलवर सत्तर वॅट म्हणजे अंगात अडीचशेच्या आसपास वॅट उष्णता. ती बाहेर पडली नाही तर माणूस तापतो. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर ती उष्णता घेऊन जाते. कातडी असते पस्तीसच्या आसपास. हवा त्याहून गरम झाली की तीच अंग तापवते आणि मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम वाळताना 580 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता नेतो, ही मोठी सोय आहे. वळचणीच्या सावलीत चाळीस मिनिटांच्या सायकलीची उष्णता पाव-अर्धा लिटर घामात निघून गेली असती. रस्त्यावर वरून ऊन आणि खालून तापलेलं डांबर मिळून ती गरज वाढवतात.

घाम वाळला तरच थंडावा, ओघळला तर नाही. एप्रिलमध्ये आपली हवा कोरडी असते, सायकलच्या वेगाने अंगावर वारा येतो, घाम चटकन वाळतो. मृगाच्या तोंडाशी ढग येतात, पारा उतरतो, पण हवा दमट होते आणि घाम नुसता गळत राहतो. त्यामुळे 38 अंशांचा जूनमधला दिवस 41 च्या एप्रिलपेक्षा जड जाऊ शकतो.

म्हणून उन्हाळ्यात काम सकाळचं असेल तर जाणं सहाच्या सुमारास, येणं अकराच्या आत किंवा थेट साडेपाचनंतर. डोक्याला दुपट्टा, शक्य तर ओला. पाणी निघण्याआधी पोटात गेलेलं असावं, सोबत चिमूटभर मीठ-साखर घातलेली बाटली. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा काही करत नाही, पण न्यायचाच तर न्या, जेवताना कामी येतो. चक्कर आली, डोकं ठणकलं, बोलणं अडखळलं, तापलेल्या अंगावर घाम येईनासा झाला, यातलं काहीही झालं की सायकल तिथंच टाकून सावली गाठायची, अंगावर पाणी घ्यायचं आणि कुणाला तरी दवाखान्यात न्यायला सांगायचं.

"पावसाळ्यात काळ्या मातीत कशी चालवणार?"

नाही चालवता येत. ही माती पाणी प्याली की फुगते आणि टायर-मडगार्डच्या मधल्या जागेत गच्च बसते, चाक फिरतच नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून 2021 पासून पाणंद रस्त्यांची कामं निघाली आहेत; तुमची पांदण त्यात झाली असेल तर भाग्यवान. झाली नसेल तर पुष्कळ जण करतात तेच करावं: चार महिने सायकल डांबरी रस्त्यावरच्या ओळखीच्या घरी कुलूप लावून ठेवायची आणि चिखलाचा तुकडा पायी काढायचा.

"साडीत, अंधारात, ट्रकच्या बाजूने?"

साडीचा प्रश्न चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी सोडवतात. आशाताई, अंगणवाडीसेविका वर्षानुवर्षं चालवतात. मानव विकास कार्यक्रमात सायकल मिळालेल्या मुलींनाही कुणी शिकवायला नको. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मग सायकल कशाला, असंही विचारलं जातं. तिकीट अर्धं झालं म्हणून आडगावची दोन फेऱ्यांची बस चार फेऱ्यांची होत नाही. बसची वेळ जुळत असेल तर जरूर बसने जावं.

ट्रकची भीती मात्र खरी आहे. वणी, घुग्घुस, भद्रावतीकडे कोळशाच्या गाड्या, सुरजागडच्या रस्त्याला लोहखनिजाच्या. ट्रकवाल्याला अंधारात सायकल दिसत नाही, कारण ती बारीक आहे आणि तिला दिवा नाही. मागे लाल रिफ्लेक्टर, त्यावर लुकलुकणारा लाल दिवा आणि अंगात पांढरा सदरा, इतकं हवंच. अगदी गाळात न जाता कडेपासून हातभर आतून, एका सरळ रेषेत चालवावं. खड्डा चुकवायला अचानक आत वळणारा सायकलवालाच सर्वांत जास्त धोक्यात असतो. रात्रपाळी आणि कोळशाचा रस्ता दोन्ही असेल, तर मी सायकल सुचवणार नाही.

मग मोटरवाली घ्यावी का?

अंतर पंधराच्या वर असेल, वय झालं असेल किंवा रोज समोरचा वारा असेल, तर विचार करण्यासारखं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजनाची गाडी "मोटार वाहन" धरली जात नाही. ब्रेक आणि रिफ्लेक्टर मात्र हवेत. मग लायसन, नोंदणी, काही नाही. दुकानदार "लायसन लागत नाही" म्हणून चाळीसच्या वेगाची गाडी गळ्यात मारत असेल, तर कागदावरचे वॅट आणि वेग वाचून घ्यावेत.

36 व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासाची बॅटरी पाव युनिटाहून थोडी जास्त वीज घेते, आणि पायडल मारत राहिलात तर पंचवीस-तीस किलोमीटर सहज साथ देते. तोटे दोन. बॅटरी संपली की उरते ती जड सायकल. आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही: टिनाच्या शेडखाली दिवसभर उन्हात ठेवणं आणि गरम असतानाच चार्जिंगला लावणं, दोन्ही तिचं आयुष्य खातात.

मोजणीत नसलेले सायकलवाले

"आता सायकल चालवतं कोण?" हा शेवटचा आक्षेप सरकारी कचेरीतही ऐकू येतो. 2011 च्या जनगणनेत माणसं कामावर कशी जातात हे विचारलं गेलं, तेव्हा देशात सुमारे 13 टक्के जण सायकलने जात होते, त्या वेळच्या मोटरसायकलवाल्यांपेक्षाही थोडे जास्त. पण हा प्रश्न फक्त "इतर कामगारांना" विचारला होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले त्यात धरलेच नव्हते. म्हणजे विदर्भाच्या खेड्यात सकाळी विळा कॅरिअरला लावून निघणारा माणूस त्या तक्त्यात कुठेच नाही.

जो मोजला जात नाही त्याच्यासाठी रस्ता आखला जात नाही, आणि हे साइडपट्टीवर दिसतं. डांबराचे थर चढत जातात, बाजूची पट्टी तेवढीच राहते किंवा पावसाने खचते. मग डांबराच्या काठाला चार बोटांची, कुठे वीतभर पायरी पडते. मागून भोंगा वाजला की सायकलवाल्याने उतरायचं कुठे? चाक त्या पायरीवरून खाली घसरलं की हँडल वळतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूलाच पडतो.

याला पैसा फार लागत नाही, मुरूम लागतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, आणि साइडपट्टी त्या देखभालीत येते. रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो त्यावर काम संपल्याची तारीख पाहावी. पाच वर्षं झाली नसतील, तर पुढच्या ग्रामसभेत साइडपट्टी भरून घेण्याचा ठराव मांडायला ती तारीख आणि खचलेल्या पट्टीचे मोबाइलवरचे दोन-तीन फोटो पुरतात.